पंप बघण्याचा कार्यक्रम

नाना,

काल दुपारी पंपावर कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप आली, नामपूरहून निघालेली. आमचा नवीन माणूस नोझल टाकीत घालणार तेवढ्यात ड्रायव्हरनं त्याला थांबवलं, आपला तळहात पुढं केला आणि म्हणाला, "भाऊ, आधी इथं एक थेंब पाड." आमचा माणूस माझ्याकडं बघायला लागला, हा काय प्रकार म्हणून. मी कॅबिनमधूनच म्हटलं, "पाड की. मागतोय तर दे." ड्रायव्हरनं तो थेंब दोन बोटांनी चोळला, नाकाशी नेला, मान हलवली आणि मग "हं, भर" म्हणाला. मी बाहेर आले, विचारलं, हे कुठं शिकलात? तर म्हणाला, "आमचे वडील दिंडोरी नाक्याला जीप चालवायचे ना. तिथं एक नाना होते, त्यांनी अख्ख्या स्टँडला ही खोड लावली." मी कोण ते काही त्याला सांगितलं नाही. चहा मात्र पाजला, बिस्किटांसकट. आता तो गावभर सांगणार, कळवण रस्त्याच्या पंपावर डिझेलबरोबर चहा फुकट.

तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जाईनात, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण पत्र लिहावं असं कधी सुचलं नाही. आणि लिहून काय करणार होते? जिवंत असताना तरी तुम्ही कुठं काय वाचायचात. पेपर हातात घेतला की आधी द्राक्षाचा भाव, मग कांद्याचा, आणि डिझेलचं काही छापून आलं असेल तर ते, बाकी पेपर आई पोळ्यांच्या डब्यात अंथरायची. पण भावांचं पाठांतर असं की मास्तरांनी हात टेकावेत. जकात नाक्याच्या आतल्या पंपावर काय भाव, नाक्याच्या बाहेर काय, मनमाडकडं तेलाच्या टाक्या म्हणून त्या अंगाच्या पंपांना भाडं कमी आणि म्हणून भाव किती उतरतो, आणि सापुताऱ्याला हद्द ओलांडली की गुजरातचं डिझेल कसं आपल्यापेक्षा स्वस्त. लिहून काही ठेवलेलं नाही, सगळं तोंडपाठ. नाशिक ते सप्तशृंगीच्या गडापर्यंत जीप चालवणारा माणूस तुम्ही, रस्त्यात लागणारे पंप मोजके, पण तुम्ही त्यांच्याबद्दल असं बोलायचात जसं बायका गावातल्या सुनांबद्दल बोलतात. अमका भावानं चांगला पण मापाला हात आखडता. तमक्याचं माप चोख पण डिझेलमध्ये पाणी. आणि त्या तिसऱ्याचं नाव काढू नका, त्याचा नोझलवाला गप्पा मारत मारत मीटरवरचं शून्य दाखवायचं विसरतो.

तुमचं हे वेड आईला काही कौतुकाचं नव्हतं. मला आठवते ती सापुताऱ्याची सहल. स्टँडवर कुणीतरी बातमी आणली की पलीकडं डिझेल अजून उतरलंय, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "रविवारी समदे सापुताऱ्याला. फिरणं बी होईल आन टाकी बी भरू." आईनं बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं सगळं बांधून घेतलं, मी नवा ड्रेस घातला. आपण हद्द ओलांडली, तुम्ही पंपावर उतरून असा काही आनंदानं भाव बघितलात की मला वाटलं आता पंपाला नारळ फोडताय. टाकी भरली. मग नावेत बसणं आलं, मग आईस्क्रीम, मग मी घोड्यावर बसायचा हट्ट धरला, मग आईला टोपल्या आवडल्या. परत येताना घाटात तुमचे ओठ हलत होते. मनात हिशेब चाललेला असणार. आई मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." तुम्ही आरशातून तिच्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "पण डिझेल लय ग्वाड व्हतं." त्यावर आपण तिघंही वणी येईपर्यंत हसत होतो.

आणि स्वयंपाकघरातली ती शाळा. तुमचा तळहात म्हणजे तंबाखूची पाटी. सकाळी मळलेल्या तंबाखूचा वास रात्रीपर्यंत जायचा नाही, मग त्याच हातावर डिझेलचा थेंब घेऊन त्यात रॉकेल आहे का ते कळणार कसं? हे तुम्ही स्वतः कबूल करायचात, पण तंबाखू सोडण्याऐवजी तुम्ही माझं नाक तयार केलंत. ओट्यावर तीन स्टीलच्या वाट्या मांडल्या. एकीत पेट्रोल, एकीत डिझेल, एकीत आईच्या स्टोव्हचं रॉकेल. माझे डोळे टॉवेलनं बांधले आणि एकेक थेंब तळहातावर. "सांग." मी चुकले की तुम्ही हसायचात, बरोबर आलं की नुसतं "ठीक हाय" म्हणायचात. तुमच्याकडं त्याच्या वरचा शेराच नव्हता. मग डिझेलमध्ये रॉकेल मिसळून द्यायला लागलात, आधी भरपूर, मग कमी कमी करत. तेवढ्यात आई देवळातून आली आणि तिनं वाट्या ओळखल्या. आमटीच्या वाट्या होत्या त्या. "स्टोव्ह पेटला असता म्हंजे बाप-लेकीला एकदमच पोचवलं असतं," असं म्हणत तिनं दोघांनाही घराबाहेर काढलं. त्या वाट्या राखेनं घासून घासून तिचे हात दुखले, तरी पुढं बरेच दिवस आपण आमटी खायच्या आधी वाटी हुंगत होतो. तुम्ही तर मुद्दाम, ती बघत असताना.

कॉलेजला असताना सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून यायचे. सगळ्यांना वाटायचं पोरीला देवीची ओढ. देवीची होतीच, पण वणी सोडल्यावर कळवण रस्त्याला लागणाऱ्या त्या पंपाचीही होती, हे आता सांगायला हरकत नाही. तिथं मालकाचा मुलगा स्वतः उभा असायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा तुम्ही नेहमीसारखे जीपमधून उतरलात, कपाळाला आठ्या, भांडायच्या तयारीनं. तुम्ही काही बोलायच्या आत तो म्हणाला, "काका, शून्य बघून घ्या." मग आपल्या मागं एक मोटरसायकलवाला होता, त्याच्यासाठी त्यानं खिशातून फिल्टर पेपर काढला, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला आणि न विचारताच दाखवला, की बघा, उडून गेलं, डाग नाही. दुसऱ्या पंपांवर हाच कागद मागितला की लोक असं बघायचे जसं आपण त्यांची किडनी मागतोय. तुम्ही जीपमध्ये बसताना म्हणालात, "पोरगं सरळ हाय." मी खिडकीबाहेर बघत बसले. तुम्हाला त्या पोराचं पेट्रोल आवडलं होतं, मला पोरगाच आवडला होता. पुढं आम्ही बोललोही, पण काय, तर भाव वाढणार का, टँकर आला का. प्रेमात पडलेली माणसं असं बोलत असतील असं कुणाला वाटलं नसतं.

मग ती चैत्राची यात्रा आली. यात्रेत पंप कोरडे पडायचे, म्हणून सगळे जीपवाले आधीच कॅन भरून ठेवायचे. तुमचा तो निळा कॅन. तुम्ही तो त्याच पंपावर भरलात. मी परीक्षेमुळं बरोबर नव्हते, आणि पंपावर ही गर्दी, त्यामुळं आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच तुम्ही थेंब न बघता डिझेल घेतलंत. घरी आलात ते खुशीत. "पंपवाला लय दिलदार हाय," म्हणालात, "कॅन गच्च भरला तरी मीटरवर आकडा कमीच. मापाला देवमाणूस." आणि यात्रेत, गडाच्या चढावर, मागं भरून प्रवासी, तुम्ही वाटेत कॅन टाकीत ओतलेला, आणि जीप ठोके द्यायला लागली. ओढ नाही, धूर नुसता. प्रवाशांना उतरून चालत जावं लागलं. कुणीतरी म्हणालं, देवी पावत नाही. तुमचा जीव तिथंच गेला असणार. नळी लावून थोडं डिझेल बाटलीत काढलंत, आणि रात्री घरी येऊन ती बाटली माझ्यापुढं धरलीत. "सांग."

मी वास घेतला. सरळ सरळ रॉकेल. आपल्या स्टोव्हचाच वास म्हणा ना. मी सांगितलं, रॉकेल आहे नाना, भरपूर आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं हे डिझेल कुठलं. मग तुम्ही त्याच पंपाचं नाव घेतलंत. पण जे होतं ते होतं, नाकानं सांगितलेलं मी कसं फिरवू? दुसऱ्या दिवशी तुम्ही दिंडोरी नाक्याला उभं राहून सगळ्या स्टँडला सांगितलंत की त्या पंपावर रॉकेल घालतात. तुमचा शब्द म्हणजे स्टँडवर कोर्टाचा निकाल. एकाही जीपवाल्यानं उलट विचारलं नाही. त्या दिवसापासून नाशिकच्या जीपा त्या पंपासमोरून नाक वर करून जायला लागल्या, आणि तुमचीही. मी पुढच्या सीटवरून बघायचे, तो नोझल हातात धरून आपल्या जीपकडं बघत उभा असायचा. त्यानं एकदा हात वर केला. तुम्ही गिअर बदललात.

वर्ष असंच गेलं असेल. माझं कॉलेज संपलं, स्थळं बघायला सुरुवात झाली, आणि मामा एक स्थळ घेऊन आला. मुलगा पदवीधर, शेती आहे, आणि स्वतःचा पंप आहे वणीच्या पुढं. तुमच्या हातातला चहा तसाच राहिला. तुम्ही विचारलंत, कुठला पंप? मामानं सांगितलं. आईनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. तुम्ही म्हणालात, "रॉकेल विकून खाणाऱ्याच्या घरात मी पोरगी देनार नाय. इशय संपला." पुढं कळलं, तिकडंही काही वेगळं नव्हतं. मुलाचे वडील म्हणाले होते, ज्या माणसानं आपल्याला साऱ्या रस्त्यात बदनाम केलं, त्याचीच पोरगी सापडली का तुला? तर तुमच्या जावयानं सांगितलं होतं म्हणे, त्या माणसाला डिझेलचं कळतं, त्याची काहीतरी चूक होतेय, आणि मुलगी चांगली आहे. या क्रमानं सांगितलं होतं, यावरून मी त्यांना अजून सोडत नाही.

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायचं, पण बोलायचं नाही. तुम्ही दोन-चार दिवस तग धरलात. मग एका सकाळी तंबाखू मळता मळता म्हणालात, "आता काय आयुष्यभर मुकीच राहणार काय?" मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना नाना, ऐकीव भाव आणि ऐकीव भेसळ, दोन्ही खरं धरायचं नाही म्हणून. तुम्ही चिडलात. "ऐकीव कुठंय? तूच तर वास घेतला व्हता." मी म्हटलं, बाटलीतला घेतला. पंपावरचा कुठं घेतला? मग तिथं जाऊन परत घेते. तुम्ही तंबाखू तळहातावर थापटलीत. मग तंबाखू तोंडात टाकून म्हणालात, "ठीक हाय. आधी आपण पंप बघायचा. पंप पसंत पडला, तर त्यांनी पोरगी बघायची." आईनं कपाळावर हात मारला. मुलीचा बाप मुलाकडच्यांना असा निरोप धाडतो हे तिच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. पण निरोप गेला, आणि तिकडून उत्तरही आलं की या.

तो दिवस मला अजून समोर दिसतो. तुम्ही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय. आई जरीच्या साडीत मागं बसलीय, जीपच्या मागच्या बाकावर, मांडीवर पेढ्यांचा पुडा, द्यायचा की परत न्यायचा हे ठरलेलं नाही. मुलगा बघायला आल्यासारखी मीच बरोबर. पंपावर माझे होणारे सासरे टोपी घालून उभे, मूळचे नामपूरकडचे, बोलण्यात तिकडची अहिराणी. आत सतरंजी घातलेली, पोह्यांचा वास येतोय. आणि रस्त्यावर तीन-चार जीपा थांबलेल्या, कारण नाना त्या पंपावर गेलेत ही बातमी आपल्या आधी पोचली होती. सासरे म्हणाले, "या पाहुणा, आधी पोहे खा." तुम्ही म्हणालात, "आधी डिझेल."

त्यांनी पाच लिटरचं माप काढून दिलं, घनता मोजायची नळी काढून दिली, सगळं एका पांढऱ्या टॉवेलवर मांडलेलं, जसं नवरदेवाचं सामान. तुम्ही मापाला मान हलवलीत, काठोकाठ बरोबर आलं. मग तुमचे होणारे जावई नोझल घेऊन पुढं आले. तुम्ही तळहात पुढं केलात, त्याकडं बघितलंत आणि मागं घेतलात. मला म्हणालात, "इकडं ये. हात कर." सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाले, "पाहुणा, पोरीलेच इचारनार का?" मागून स्टँडवरचा एक जीपवाला खिदळला, "नाना, पोरगी तर हो म्हणनारच की." तुम्ही मागं वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, "माझी पोरगी डिझेलात खोटं बोलत नाय." आणि मला म्हणालात, "सांग."

माझ्या तळहातावर थेंब पडला. मी चोळलं. नाकाशी नेलं. आतली बायकामाणसंसुद्धा दारात येऊन उभी. मी परत एकदा वास घेतला, नीट, तुम्ही शिकवल्यासारखा, तोंड मिटून, सावकाश. आणि म्हटलं, "शुद्ध आहे नाना." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. घनतेच्या नळीला हातसुद्धा लावला नाहीत. "ठीक हाय," म्हणालात. सासरे म्हणाले, नळी घालून बघा ना. तुम्ही म्हणालात, "बघून झालं."

पण तुमचं पुरतं समाधान झालं नव्हतं. तुम्ही त्यांना म्हणालात, आजचं शुद्ध हाय, मान्य. यात्रेतल्या त्या कॅनमध्ये मात्र रॉकेल होतं, तेही हिनंच सांगितलेलं. दोन्ही खरं, मग मी समजू काय? सासऱ्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, त्या दिवशी माप कसं दिलं होतं आम्ही? तुम्ही प्रामाणिक माणूस, लगेच म्हणालात, "माप तर जास्तीच दिलं व्हतं. कॅन गच्च, आन मीटर कमी." सासरे म्हणाले, "मंग पाहुणा, जो भेसळ करस, तो माप जास्ती कसाले देई?" तुम्ही वळून जीपवाल्यांकडं बघितलंत. जीपवाले तुमच्याकडं. आणि तेवढ्यात जीपमधून आईचा आवाज आला, "कंचा कॅन? निळा?"

तुम्ही म्हणालात, हो, निळा. आई खाली उतरली. पेढ्यांचा पुडा तिनं सीटवर ठेवला. म्हणाली, "अवो, माझा डबा गळत व्हता ना. रेशनचं रॉकेल आलं व्हतं, ठिवायचं कशात? म्हून तुमच्या कॅनमध्ये ओतलं. मग मी बहिणीकडं गेले बाळंतपणाला, आन इसरलेच." ती हे बोलत असतानाच तिला स्वतःला उलगडत गेलं, आणि तुम्हालाही, आणि मलाही. कॅनमध्ये खाली रॉकेल होतंच, वरून डिझेल भरलं, म्हणून कॅन लवकर भरला, म्हणून मीटरवर कमी आलं. तुम्ही ज्याला देवमाणूस म्हणालात ते आईचं रेशनचं रॉकेल होतं, आणि ज्याला चोर म्हणालात तेही तेच. मला बाटलीत आपल्या स्टोव्हचा वास आला होता कारण तो आपल्या स्टोव्हचाच होता. आई आधी घाबरून तोंडावर पदर धरून उभी राहिली. मग पदराआडून तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग सासरे हसले, मग जीपवाले, मग दारातल्या बायका, आणि पोह्यांवरचं खोबरं घेऊन आलेली माझी होणारी सासू काय झालं काय झालं म्हणत सगळ्यांत शेवटी, न कळताच.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सासऱ्यांपुढं गेलात, हात जोडलेत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "माझं चुकलं. तुमच्या पंपाला मी बोल लावला, वरीसभर." त्यांनी तुमचे हात धरले, म्हणाले, आसं नका करू पाहुणा. तुम्ही म्हणालात, हितं जोडून भागायचं नाय. आणि दुसऱ्या दिवशी, गर्दीच्या वेळेला, तुम्ही दिंडोरी नाक्यावर जीपच्या पायरीवर उभे राहिलात आणि ज्या तोंडानं निकाल दिला होता त्याच तोंडानं तो मागं घेतलात, कॅनसकट, आईसकट. नाना, त्या दिवशीचा तुमचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचा वाटला नाही. मी तुमच्या मागंच उभी होते, पिशवी घेऊन, भाजीला आल्याचं सोंग करून. पुढं कितीतरी दिवस स्टँडवर तुम्ही दिसलात की कुणीतरी ओरडायचं, "नाना, कॅन हुंगला का?" आणि तुम्ही ते ऐकून खूष व्हायचात. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या सगळ्या जीपा या पंपावर रांगेनं उभ्या होत्या, फुलांच्या माळा लावून, टाक्या उघडून. मुहूर्त टळतो की काय म्हणून भटजी घड्याळ दाखवत होते, आणि तुम्ही प्रत्येक ड्रायव्हरला सांगत होतात, शून्य बघ. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका डोळे पुसत होत्या आणि तुम्ही माझ्या हातात फिल्टर पेपरची पुडी कोंबलीत. म्हणालात, "सासर झालं म्हून थेंब बघायचं सोडू नको."

सोडलं नाही. पंपाचं काम मीच बघते आता. टँकर आला की आधी माझ्या तळहातावर. पुढं भाव कंपनीगणिकही वेगळे व्हायला लागले, समोरच्या अंगाला तो चकचकीत पंप उभा राहिला, काचेचा, टोपीवाल्या पोरींसकट, आमच्यापेक्षा स्वस्त. आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. आणि तुम्ही, माझे सख्खे वडील, पहिल्याच आठवड्यात तिथं रांगेत उभे. यांनी बघितलं, मला येऊन सांगितलं, तुझे वडील समोर डिझेल भरताहेत. मी रस्ता ओलांडून गेले, तर तुम्ही म्हणालात, "बघायला नको व्हय? न बघता नावं ठिवू? एकदा ठिवली व्हती." मग तिथला थेंब तुम्ही माझ्या हातावर घेतलात, तिथल्या मॅनेजरसमोर. चांगलं होतं त्यांचं डिझेल. मी खरं तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात ठीक हाय, आणि वर टाकी मात्र आमच्याकडं येऊन भरलीत. पुढं तो पंप बंद पडला तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट तुम्हाला वाटलं. तुलना करायला कुणी राहिलं नाही म्हणून.

शेवटी शेवटी जीप चालवणं सुटलं, तेव्हा तुम्ही इथं येऊन कॅबिनबाहेर खुर्चीत बसायचात. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती. एकदा तुम्ही तळहात पुढं केलात, मी थेंब पाडला, तुम्ही हुंगलात आणि लहान मुलासारखे हसलात. "आता येतो की गं वास," म्हणालात. "इतका सुरेख असतो व्हय." आयुष्यभर डिझेलवर बोललात आणि वास तुम्हाला तेव्हा आला. मी त्या दिवशी खूप हसले, आणि तुम्ही गेल्यावर त्याच आठवणीनं खूप रडले, पण आज परत हसूच येतंय.

हे पत्र तुमच्या जुन्या जीपच्या सन व्हायझरच्या मागं ठेवीन, जिथं तुम्ही फिल्टर पेपर आणि देवीचा फोटो ठेवायचात. जीप अजून आहे, पंपाच्या मागं, विकू देत नाही मी. पण ठेवायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. यांना इतकी वर्षं वाटतंय, आणि सगळे चिडवतातही, की त्या दिवशी हिनं नवऱ्यासाठी डिझेल पास केलं, रॉकेल असतं तरी शुद्धच म्हणाली असती. मी हसून सोडून देते. खरं ते असं आहे नाना, की येताना सगळ्या रस्त्यानं मी अगदी तेच ठरवत आले होते. काही असो, शुद्ध म्हणायचं. जीपवाल्यांनी विचारलं असतं, सासऱ्यांनी विचारलं असतं, आईनं विचारलं असतं, तर खोटं बोलले असते, जीभसुद्धा अडखळली नसती. पण तुम्ही मागं न वळता म्हणालात, पोरगी डिझेलात खोटं बोलत नाय, आणि वर म्हणालात, "सांग." मग माझं ठरवलेलं सगळं गेलं. दुसऱ्यांदा वास घेतला तो त्यासाठी. त्यात रॉकेल असतं ना, तर रॉकेल म्हणाले असते, आणि घरी येऊन तुमच्याशी जन्मभर बोलले नसते.